युद्धग्रस्त खेड्यातली शाळा: आधी काय सावरायचे?

युद्धाच्या बातम्यांमध्ये शाळा बहुतेक वेळा एकाच रूपात दिसते: छप्पर उडालेले, भिंतींना भगदाडे पडलेली, अंगणात वह्यांची पाने विखुरलेली. ते चित्र खोटे नाही. शिक्षणावरील हल्ल्यांची जगभरातून नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आघाडीने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून असे सुमारे ६,००० हल्ले नोंदवले. तरीही खेड्यापाड्यांतल्या असंख्य शाळा एकही गोळा न पडता बंद होतात, आणि त्या कशा बंद होतात हे समजून घेतल्याशिवाय त्यांना मदत कशी करायची हे कळत नाही.

साधारणपणे सुरुवात रस्त्यापासून होते. रस्त्यावर सशस्त्र लोकांची चौकी बसते, आणि दुसऱ्या गावाहून येणारे शिक्षक रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा येऊ लागतात, मग येईनासे होतात. जवळच्या शहरातले शिक्षण कार्यालय विस्कळीत झाल्यामुळे पगार थांबतो. घरातला मोठा मुलगा लढायला नेला जातो किंवा तशी वेळ येण्याआधीच पळून जातो, आणि शेतातले किंवा गुरांमागचे त्याचे काम धाकट्या भावंडांच्या अंगावर पडते. मुलीला एकटीने पाठवायची कोणाची हिंमत होत नाही. काही महिन्यांनी शाळेची इमारत रिकामी आणि पक्की असल्यामुळे एखादी लष्करी तुकडी तेथे मुक्काम ठोकते, आणि त्या दिवसापासून ती इमारत विरुद्ध बाजूच्या नेमाचे लक्ष्य होते. म्हणजे भिंत पडते ती या साखळीच्या अगदी शेवटी. मदत मात्र पुष्कळदा तिथूनच सुरू होते, कारण नवी इमारत दिसते, तिचे उद्घाटन करता येते आणि तिचे छायाचित्र काढता येते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. रस्ता, शिक्षक आणि मुलाच्या शिक्षणाची नोंद या तीन गोष्टी आधी सावरल्या, तर शाळा एखाद्या घराच्या ओसरीतही चालते. त्या सावरल्या नाहीत, तर नव्या कोऱ्या इमारतीला कुलूप लागते.

शहरापेक्षा खेड्यातली अडचण वेगळी असते हेही येथेच सांगायला हवे. शहरात एक शाळा बंद पडली तर दुसरी, निदान तिसरी, चालत जाण्याच्या टप्प्यात सापडण्याची शक्यता असते. खेड्यात एकच शाळा असते आणि तीही बहुधा एकदोन शिक्षकांची, म्हणून एक शिक्षक गेला की सगळे वर्ग एकदम उघड्यावर पडतात. वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसल्यामुळे घरबसल्या ऑनलाइन शिकण्याचा मार्गही बंदच असतो. शिवाय शेतीचे वेळापत्रक युद्धातही थांबत नाही. पेरणी आणि कापणीच्या दिवसांत आधीच मुलांची हजेरी कमी होते. कर्ती माणसे कमी झाली की तीच मुले शाळेत परत येईनाशी होतात.

या सगळ्यांत अंतराचा प्रश्न सर्वांत कमी लक्षात घेतला जातो, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून पाहू. अफगाणिस्तानच्या वायव्य भागातील घोर प्रांतात २००७ मध्ये डेना बर्ड आणि ली लिंडन या संशोधकांनी ३१ गावे आणि सुमारे १,५०० मुले घेऊन एक अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकून निवडावे त्याप्रमाणे काही गावांना आधी गावातच शाळा देण्यात आली आणि बाकीच्या गावांना नंतर, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना नीट करता आली. ही शाळा म्हणजे काही मोठे बांधकाम नव्हते. गावाने दिलेली एखादी खोली, सरकारी अभ्यासक्रम, पुस्तके आणि शिक्षक, इतकेच. ज्या गावांत अशी शाळा आली तेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण शंभरामागे ४२ ने वाढले. त्याआधी मुलगे आणि मुली यांच्या प्रमाणात शंभरामागे २१ चा फरक होता. तो जवळजवळ नाहीसा झाला. परीक्षेतले गुणही लक्षणीय वाढले.

त्याच अभ्यासातला एक आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शाळा एक मैल, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर, दूर गेली की शाळेत जाणारी मुले शंभरामागे १६ ने कमी होत होती, आणि मुलींच्या बाबतीत ही घट मुलग्यांपेक्षा जास्त होती. नकाशावर दीड किलोमीटर हे नगण्य अंतर आहे. पण ज्या वाटेवर अनोळखी हत्यारबंद माणसे भेटू शकतात, ज्या ओढ्याच्या वळणावर काही स्फोट झाल्याचे ऐकलेले असते, त्या वाटेवरचे दीड किलोमीटर आईबापांना किती लांब वाटत असेल, याची कल्पना करता येते. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही असा निष्कर्ष बाहेरून आलेली माणसे फार लवकर काढतात. घोरमधल्या गावांनी त्याचे उत्तर दिले आहे: शाळा जवळ आली तेव्हा मुलीही शाळेत आल्या.

अर्थात जवळ असणे हे प्रत्येक अडचणीचे उत्तर नाही. त्याच अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर आलेल्या राजवटीने सहावीच्या पुढे मुलींच्या शाळेवरच बंदी घातली, आणि ज्या मुलींना घराच्या दाराशी शाळा मिळाली असती त्यांच्यापुढेही भिंत उभी राहिली. अंतर कमी करणे गावाच्या आणि मदत करणाऱ्यांच्या हातात असते. बंदी उठवणे नसते. हा फरक मान्य करूनच पुढे जावे लागते.

संघर्ष भडकल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लोक विखुरलेले असतात आणि साहित्य मिळत नाही. त्या काळासाठी युनिसेफ एक पेटी पाठवते. १९९४ मधील रवांडाच्या संकटापासून ती वापरात आहे, आणि तिची रचना पाहिली की ती बनवणाऱ्यांनी वर्गाचा किती बारकाईने विचार केला आहे हे लक्षात येते. सुमारे ४० मुले आणि एक शिक्षक यांना पुरेल इतके साहित्य त्यात असते: पेन्सिली, खोडरबर, वह्या, कात्र्या, मोजणी शिकवायला ठोकळे, वेळ शिकवायला लाकडी घड्याळ. पेटीच्या झाकणाला रंग लावून त्याचाच फळा करता येतो. वह्यांना समास आखलेला नसतो, कारण ती पेटी कोणत्या देशात उघडली जाईल हे आधी ठाऊक नसते. डावीकडून उजवीकडे लिहिणाऱ्या मुलालाही ती वही चालते आणि उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्यालाही. झाडाखाली किंवा तंबूत त्याच दिवशी वर्ग भरू शकतो. मात्र ही पेटी काही महिने पुरते. तिच्यातला खडू संपेपर्यंत शिक्षकाची व्यवस्था झाली नसेल, तर वर्ग तेथेच थांबतो.

म्हणून शिक्षकाचा प्रश्न. येमेनमध्ये २०१६ पासून देशातील बहुसंख्य शिक्षकांना नियमित पगार मिळालेला नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी तरीही वर्गात येणे चालू ठेवले, आणि त्याबद्दल त्यांच्यापुढे नतमस्तक व्हावेसे वाटते. परंतु ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याच्याकडून वर्षानुवर्षे फुकट शिकवण्याची अपेक्षा करणे हे धोरण होऊ शकत नाही. शिक्षक मजुरीला जातो, दुसऱ्या गावी स्थलांतर करतो, किंवा एखाद्या मदत संस्थेत चौपट पगारावर दुभाषी किंवा चालक म्हणून काम धरतो. या शेवटच्या गोष्टीकडे मदत करणाऱ्यांनी स्वतःच लक्ष द्यायला हवे, कारण त्यांच्याच पगारपत्रकामुळे गावाचा एकुलता एक शिक्षक गेलेला असतो. एकाच भागात काम करणाऱ्या संस्थांनी शिक्षकांचे मानधन आपसांत ठरवून एकसारखे ठेवावे, आणि पुढे सरकारला पेलेल इतकेच ठेवावे, असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात ते यामुळेच.

गावाने स्वतःच शिक्षक उभा केला तर काय होते, याचे एक बोलके उदाहरण मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरमध्ये सापडते. १९८० ते १९९२ या काळात तेथे यादवी युद्ध चालू होते. डोंगराळ खेड्यांत सरकारी शिक्षक जाईनात, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्यातल्याच थोडेफार शिकलेल्या माणसांना मुलांना शिकवायला बसवले, आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय जमेल तशी गावाने केली. १९९१ मध्ये सरकारने याच धर्तीवर एक योजना सुरू केली, जी एदुको या नावाने ओळखली जाते. पालकांच्या नोंदणीकृत मंडळाला सरकार निधी देई, आणि मंडळ शिक्षकाशी एका वर्षाचा करार करी. शिक्षक रोज येतो की नाही यावर गावाची थेट नजर राहू लागली आणि दुर्गम भागांत वर्ग वेगाने वाढले. परंतु याची दुसरी बाजूही होती. दरवर्षी करार संपणार, नोकरीची शाश्वती नाही, निवृत्तीची तरतूद कमकुवत, अशा अवस्थेत काम करावे लागते, यावर शिक्षक संघटनांनी सातत्याने आक्षेप घेतला आणि अखेर त्या शिक्षकांना नियमित व्यवस्थेत सामावून घेण्यात आले. आणीबाणीत गावाने उचललेला भार कायमचा गावावरच टाकून देण्याचा मोह सरकारांना होतो. तो टाळला पाहिजे.

गावातल्या बारावीही न झालेल्या तरुणीला शिक्षिका करायचे असेल, तर तिला प्रशिक्षण कसे द्यायचे? दोन महिने शहरात नेऊन देणे युद्धकाळात शक्य नसते. त्याऐवजी सुरुवातीला काही दिवसांची तयारी, मग दर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने अनुभवी शिक्षकाची भेट, आणि रोजच्या पाठाची सोपी, पायरीपायरीने लिहिलेली मार्गदर्शिका, ही पद्धत अधिक उपयोगी पडते. एकाच खोलीत तीनचार इयत्ता बसवाव्या लागत असल्यामुळे बहुवर्ग अध्यापनाचे तंत्र तर शिकवावेच लागते. कोलंबियात विकी कोल्बर्ट यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण शाळांसाठी आणलेली पद्धत येथे आठवते. तीत मुले स्वयंअध्ययनाच्या पुस्तिका घेऊन लहान गटांत, आपापल्या गतीने शिकतात. एखादे मूल दोन महिने गैरहजर राहिले, तर परत आल्यावर जेथे सोडले तेथूनच पुढे जाते. ही सोय मुळात कापणीच्या कामासाठी जाणाऱ्या मुलांना उपयोगी पडली, आणि ज्यांना पुन्हापुन्हा घर सोडून पळावे लागते त्यांनाही ती तितकीच लागू पडते.

आता मुलाच्या मनाकडे वळू. युद्ध पाहिलेले मूल वर्गात बसले म्हणजे लगेच शिकू लागते असे नाही. दार जोरात आपटले तरी ते दचकते, रात्री झोप न झाल्यामुळे सकाळी पेंगते, पाढे म्हणता म्हणता मध्येच हरवते. काही मुले अजिबात बोलत नाहीत, तर काही क्षुल्लक कारणावरून मारामारीवर येतात. जो शिक्षक हे ओळखत नाही तो त्या मुलाला मठ्ठ किंवा उनाड ठरवून शिक्षा करतो, आणि मूल शाळा सोडते. अशा बहुसंख्य मुलांना मानसोपचारतज्ज्ञाची गरज नसते. त्यांना गरज असते ती ठरावीक वेळेला भरणाऱ्या वर्गाची, आपले नाव घेऊन हाक मारणाऱ्या मोठ्या माणसाची, खेळाची आणि मार न मिळण्याच्या खात्रीची. रोज तीच प्रार्थना किंवा तेच गाणे, तीच बसायची जागा, हजेरीला तीच क्रमवारी, या गोष्टी आपल्याला यांत्रिक वाटतात. ज्याच्या आयुष्यात उद्या कोठे असू हेच ठरलेले नाही, त्या मुलाला त्यातूनच आधार मिळतो. महिनोनमहिने न बोलणारी, न खाणारी, स्वतःला इजा करून घेणारी थोडी मुले असतात. त्यांच्यासाठी मात्र तज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय असावीच लागते, आणि शिक्षकाला ही दोन टोके वेगळी ओळखता यावी लागतात. स्वतः शिक्षकाने घर आणि माणसे गमावलेली असतात, हेही विसरून चालत नाही. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून आपापल्या वर्गाबद्दल बोलणे एवढ्यानेही त्यांना तग धरता येतो.

शरीराची सुरक्षितता त्याहून निकडीची. लढाई सरून गेल्यावरही शेतात, विहिरीजवळ आणि पायवाटांवर भूसुरुंग आणि न फुटलेले गोळे पडून राहतात. मुलांना ते खेळणे किंवा भंगारात विकण्यासारखी वस्तू वाटते. म्हणून शाळेच्या पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी पाठ करून घ्याव्या लागतात: हात लावायचा नाही, आल्या वाटेने मागे फिरायचे, मोठ्या माणसाला जागा सांगायची. शाळेपर्यंतची वाट साफ झाल्याची खात्री करून घेतल्याशिवाय मुलांना बोलावू नये, हे वेगळे सांगायला नको.

युद्ध चार वर्षे चालले तर चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण दहाव्या वर्षी थांबलेले असते. तो दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात बसायला तयार होत नाही, आणि त्याच्या वयाच्या वर्गात त्याला काही समजत नाही. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ पर्यंत चाललेल्या युद्धाच्या अखेरीस हाच प्रश्न हजारो मुलांपुढे होता, आणि त्यांत बंडखोरांनी पळवून नेऊन हातात बंदूक दिलेली मुलेही होती. तेथील सरकार आणि मदत संस्था यांनी सुमारे दहा ते सोळा वयाच्या मुलांसाठी सहा वर्षांचा प्राथमिक अभ्यासक्रम तीन वर्षांत बसवला. सीरियासाठीही एका वर्षात दोन इयत्ता पूर्ण करणारा अभ्यासक्रम तयार झाला. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वेगाने शिकवणे म्हणजे घाईने शिकवणे नाही. मोठे मूल लहान मुलापेक्षा लवकर आकलन करते, म्हणून पुनरावृत्ती आणि कमी महत्त्वाचे भाग वगळून वाचन, लेखन आणि गणित यांवर भर देता येतो. वर्ग मात्र लहान ठेवावा लागतो, आणि वेळ कामाच्या तासांशी जुळवावी लागते. ज्या मुलींना दरम्यान मूल झाले आहे त्यांच्यासाठी शेजारीच बाळ सांभाळण्याची सोय नसेल, तर त्या आठवडाभरात येणे थांबवतात.

गावाच्या शाळेचे रक्षण करायचे कोणी, याचे उत्तर कायद्यात काही अंशी आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ५० वे कलम परका प्रदेश ताब्यात घेणाऱ्या सत्तेवर तेथील मुलांच्या शिक्षणसंस्था चालू राहू देण्याची जबाबदारी टाकते. २०१५ मध्ये ओस्लो येथे सुरक्षित शाळांचा जाहीरनामा मांडला गेला, आणि १२० हून अधिक देशांनी त्याला मान्यता दिली आहे. शाळांचा लष्करी कामासाठी वापर टाळण्याचे वचन त्यात आहे. तो कायद्याने बंधनकारक नाही, तरीही गावकऱ्यांना समोरच्या अधिकाऱ्यापुढे धरायला एक कागद त्यामुळे मिळतो.

पण कागद गावात कसा उतरवायचा? नेपाळमध्ये १९९६ ते २००६ च्या सशस्त्र संघर्षात दोन्ही बाजूंची, म्हणजे सरकारी फौजांची आणि माओवादी बंडखोरांची, माणसे शाळांत येत; विद्यार्थी आणि शिक्षक यांना उचलून नेण्याचे प्रकार घडत. तेव्हा पालक, शिक्षक आणि स्थानिक संस्था यांनी शाळा हे शांतिक्षेत्र मानावे असा आग्रह धरला. शाळेच्या आवारात हत्यार आणायचे नाही, सभा घ्यायची नाही, शिक्षकाकडून वर्गणी मागायची नाही, अशी आचारसंहिता गावागावांत बोलणी करून ठरवली गेली. शिक्षकांपैकी कोणी एका बाजूचा समजला गेला तर त्याच्या जिवावर बेतत असे, म्हणून मध्यस्थ म्हणून गावाबाहेरचा, दोन्हीकडे विश्वास असलेला माणूस लागे. पुढे २०११ मध्ये सरकारने शाळांना शांतिक्षेत्र म्हणून अधिकृतपणे घोषित केले. आधी गावात रुजले आणि मग राजधानीत पोचले, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पैशाचे गणित थोडक्यात सांगता येईल. संकटकाळात जगभरातून येणाऱ्या मानवतावादी मदतीत शिक्षणाचा वाटा वर्षानुवर्षे अगदी थोडा, काही टक्क्यांपुरताच राहिला आहे. अन्न, पाणी आणि औषध यांच्यापुढे शिक्षण थांबू शकते असे धरले जाते. शिवाय हा निधी बहुधा सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा असतो. २०१६ मध्ये इस्तंबूल येथील परिषदेत संकटग्रस्त मुलांच्या शिक्षणासाठी जो स्वतंत्र जागतिक निधी सुरू झाला, त्याने बहुवर्षीय मदतीवर भर दिला तो याच अनुभवातून.

शेवटची गोष्ट म्हणजे दाखला. १९९० च्या दशकात लायबेरिया आणि सिएरा लिओन येथील युद्धांतून पळालेली लाखो माणसे शेजारच्या गिनीतील खेड्यांत आणि छावण्यांत राहत होती. गिनीचे शिक्षण फ्रेंच भाषेत, तर निर्वासित मुले इंग्रजीत शिकलेली. त्यांच्याच शिक्षकांनी त्यांच्या देशांच्या अभ्यासक्रमाप्रमाणे शाळा चालवल्या, आणि त्या मुलांच्या परीक्षेसाठी पश्चिम आफ्रिकी परीक्षा मंडळाशी व्यवस्था करण्यात आली. मायदेशी ग्राह्य धरले जाणारे प्रमाणपत्र हाती असले की परतणाऱ्या मुलाला मागच्या वर्गात बसवले जात नाही, आणि शिक्षकाची त्या काळातली सेवाही मोजली जाते.

ज्या गावात अजून कोणतेही परीक्षा मंडळ पोचलेले नाही, तेथेही आजपासून एक काम करता येते. हजेरीपटाच्या दोन प्रती ठेवायच्या, एक शिक्षकाकडे आणि एक गावाबाहेर सुरक्षित ठिकाणी. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्यायची: नाव, जन्मवर्ष, इयत्ता, शिकून झालेले धडे, शिक्षकाची सही. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवायला सांगायचे, म्हणजे रात्रीत पळावे लागले तरी ती मुलाबरोबर जाईल.